सुभेदार साळोख्यांची खुशाली

सुभेदार साळोख्यांनी लढाई पाहिली होती यावर आमच्या ऑफिसात कुणाचाच विश्वास नव्हता. माझा तर मुळीच नव्हता. लंकेत यादवी पेटली होती, आपली फौज तिथं शांतता राखायला गेली होती आणि दोन्हीकडून मार खाऊन परत आली होती, एवढं आम्ही पेपरात वाचलेलं. साळोखे तिथं सव्वादोन वर्षं होते. पण त्यांना विचारावं, "काय हो सुभेदार, कसं होतं तिकडे?" तर उत्तर ठरलेलं. "फस्क्लास! नारळ पाहिजे तेवढे. आन् व्हॉलीबॉलचं ग्राउंड तर असं, की बोलायचं काम न्हाई." सव्वादोन वर्षांच्या युद्धात या गृहस्थांना आठवत होतं ते एक ग्राउंड, एक कँपातलं कुत्रं आणि डब्यातले अननस.

मी तेव्हा अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पर्सोनेलला होते. नवरा अबुधाबीत बँकेत, मुलगी शाळेत, आणि मी सकाळी कंपनीच्या बसनं वर्कशॉप्स आणि भंगाराची गोदामं ओलांडत कामावर. साडेतीनशे माणसांचे पासपोर्ट माझ्या तिजोरीत असायचे. यार्डच्या मागच्या बाजूला कामगारांच्या राहण्याचा कँप होता, आणि कँप आणि ऑफिस यांच्या मध्ये, लक्ष्मणरेषेवर म्हणावी अशी, कँप बॉसची कॅराव्हॅन होती. आधीचा कँप बॉस रात्रंदिवस झोपलेला असायचा. त्र्याण्णवच्या सुमाराला त्याच्या जागी साळोखे आले आणि कुणाचीच झोप शिल्लक राहिली नाही.

कागदोपत्री ते नायब सुभेदार म्हणून रिटायर झालेले. 'नायब' बहुधा मुंबईच्या विमानतळावर वजन जास्त झालं म्हणून काढून ठेवला असावा, कारण इथं उतरल्यापासून ते नुसते सुभेदार होते. मूळचे कागलकडचे. उंची बेताची, मिशी उंचीच्या मानानं जास्त, चालताना उजवा पाय किंचित ओढायचे. आल्या आठवड्यात त्यांनी कॅराव्हॅनभोवती दगड लावून त्यांना चुना फासला. मुसफ्फात दगड मिळत नाहीत, म्हणून काँक्रीटची ताकद तपासायचे टेस्ट क्यूब लॅबमधून उचलून आणले, आणि ते अजून टेस्ट व्हायचे होते. मग ब्लॉकना प्लाटून म्हणायला सुरुवात झाली. पहाटे बस सुटायच्या आधी हजेरी. बिहारी, तेलुगू, मल्याळी, पठाण, सगळे रांगेत उभे, आणि साळोखे हातात यादी घेऊन समोर. शेवटी स्वतःच स्वतःला ओरडून सांगायचे, "रिपोर्ट सब ठीक!" एकदा ब्लॉक तीनमध्ये सोळा जणांना जेवणातून बाधा झालेली असताना हा रिपोर्ट दिला गेला. मी म्हटलं, "अहो, सोळा जण हॉस्पिटलात आहेत." "व्हय, पण हजेरी पुरी हाय, मॅडम," ते म्हणाले. "समदे कुठं हायेत ते माहीत हाय. म्हंजे सब ठीक."

पण ही नुसती किरकोळ शिस्त. त्यांची खरी कर्तबगारी होती ती पत्रपरेड.

शुक्रवारी सुट्टी. नमाजाला जाणारे जाऊन आले, जेवणं झाली, की मेसच्या हॉलमध्ये टेबलं ओढली जायची. प्रत्येक माणसानं घरी एक पत्र लिहायचं, हा हुकूम. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र सुभेदार लिहिणार, हिंदीत किंवा मराठीत. इतर भाषांसाठी त्यांनी माणसं नेमलेली, पण मजकूर त्यांचाच. पत्र बंद करायच्या आधी त्यांना दाखवायचं. शनिवारी सकाळी गठ्ठा ऑफिसच्या पोस्टातून जाणार आणि रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढं बरोबरची खूण पडणार. कुणी म्हणालं, "सुभेदारसाब, मैं तो फोन करूँगा," तर त्यांचं तोंड कडू व्हायचं. तेव्हा फोनला मिनिटाला पाच दिरहम पडायचे, म्हणजे चाळीस रुपयांच्या वर, पण त्यांचा आक्षेप पैशांचा नव्हता.

"फोनवर माणूस रडतंय, मॅडम. एक रडलं की समदी प्लाटून रडती. कागदावर रडायला मी बसूच देत न्हाई."

आणि खरंच देत नसत. मजकूर ठरलेला होता. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. जेवणखाण उत्तम. साहेब लोक मायाळू. हवा थंड व आल्हाददायक. दर शुक्रवारी व्हॉलीबॉल खेळतो. म्हशीकडे लक्ष ठेवणे, मुलांस शाळेत धाडणे, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. ऑगस्टमध्ये, पत्र्याला हात लावला तर फोड येईल अशा दिवसांत, साडेतीनशे घरांना हवा थंड व आल्हाददायक असल्याचं कळत होतं. कँपात व्हॉलीबॉलचं नेटसुद्धा नव्हतं.

आमच्याकडे पोशट्टी नावाचा शटरिंग कारपेंटर होता. धर्माबादकडचा, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारा, मान खाली घालून काम करणारा माणूस. एका दुपारी तो बायकोचं पत्र घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, आणि सुभेदारांना दाखवायची त्याला भीती वाटत होती. बायकोनं गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. 'आपल्याकडे म्हैस नाही हे तुम्हास ठाऊक असून तुम्ही दर पत्रात म्हशीची चौकशी करता. उन्हाने डोक्यावर परिणाम झाला आहे काय? की तिकडे दुसरे घर केले असून म्हैस त्या घरची आहे?'

मी पत्र आणि पोशट्टीला घेऊन सुभेदारांकडे गेले. म्हटलं, आता तरी हा छापखाना थांबवा. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि पोशट्टीकडे वळून म्हणाले, "म्हैस न्हाई? मग घ्यायला नको? पाच वर्सं काय करतोयस गल्फमदी?" पुढच्या सुट्टीत पोशट्टीनं खरोखर म्हैस घेतली. पत्र खोटं पडू नये म्हणून म्हैस घेणारा जगातला तो एकटाच माणूस असेल.

आमचे अॅडमिन मॅनेजर प्रधानसाहेब मात्र या पत्रांवर बेहद्द खूश होते. प्रधान डोंबिवलीचे, आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत उभे राहणारे, आणि शुद्धलेखनाबद्दल फार हळवे. ते म्हणायचे, "साळोखे आल्यापासून घरून एक तक्रार नाही. नो टेलिग्राम, नो एम्बसी, खलास!" एका वर्षी त्यांनी सुभेदारांना सर्टिफिकेट दिलं. ते कॅराव्हॅनमध्ये लॅमिनेट होऊन लागलं.

ही विद्या त्यांनी लंकेतून आणली होती. तिथं ते हवालदार होते, कंपनी क्लार्क. जवानांची पत्रं बाहेर जाण्याआधी तपासली जायची. गावाचं, रस्त्याचं नाव आलं की त्यावर काळी शाई. "शिक्का साहेबाचा, शाई माजी," असं ते सांगायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की जागेची नावं खोडण्यापेक्षा काळजीची वाक्यं खोडणं जास्त गरजेचं आहे. मग त्यांनी तेही सुरू केलं. आणि मग त्यांच्या डोक्यातून निघाली ती आगाऊ डाक. पोरं गस्तीवर गेली की आठआठ, पंधरापंधरा दिवस परतत नसत. घरी पत्र गेलं नाही की आईबाप हवालदिल. म्हणून प्रत्येकानं निघायच्या आधी तीन-चार पत्रं लिहून सुभेदारांकडे द्यायची. तारीख मोकळी. सुभेदार दर शनिवारी एकेक तारीख घालून डाकेत टाकणार. "सव्वादोन वर्सं, मॅडम! माझ्या कंपनीच्या एका घराला एक आठवडा खाडा न्हाई. कागद गेला म्हंजे मानूस शाबूत."

हा किस्सा त्यांनी आमच्या घरच्या गणपतीत सांगितला, पंधरा-वीस जणांसमोर, मोदक खाता खाता. माझ्या नवऱ्याला त्यांची खेचायची फार हौस. तो म्हणाला, "सुभेदार, सगळी लढाई पोस्टातच केलीत म्हणा. बंदूक पाहिली होती का कधी?"

"पाह्यली की. पुसलीसुद्दा."

"आणि पायाला काय झालं? व्हॉलीबॉल?"

"ट्रकातनं पडलो." आणि मग खूश होऊन त्यांनी पुढचं सांगितलं. पाय मोडला म्हणून त्यांना मद्रासच्या हॉस्पिटलात आणलं, तिथून प्लास्टर घालून घरी. पण त्यांची स्वतःची आगाऊ डाक तिकडे लंकेत पडलेली. दुसऱ्या क्लार्कनं इमानेइतबारे दर शनिवारी एक पत्र टाकलं. हे घरी खाटेवर पाय वर टांगून पडलेले, आणि पोस्टमन पत्र घेऊन दारात. "मंडळी मला माजंच पत्र वाचून दाखवतीया. 'मी खुशाल असून काल व्हॉलीबॉल खेळलो.' आन् माजा पाय हितं आड्याला!" हसून हसून आमच्या डोळ्यांना पाणी आलं. प्रधानसाहेबांनी तर आरतीचं तबक बाजूला ठेवलं. माझी मुलगी सहा वर्षांची, ती म्हणाली, "बट अंकल, हू वन द मॅच?" त्यावर पुन्हा हशा. सुभेदार स्वतः सगळ्यात जास्त हसले.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांनी बायकोला व्हिजिट व्हिसावर महिनाभर आणलं. शालनवहिनी. कंपनीनं ऑफिसमागची एक खोली दिली होती. मी त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. पण शुक्रवार म्हणजे पत्रपरेड, त्यामुळे सुभेदार येणं शक्यच नव्हतं. माझा नवरा जाऊन वहिनींना एकटीलाच गाडीतून घेऊन आला.

उंच, शांत बाई. नवऱ्यापेक्षा बोटभर उंचच. जेवण होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग भांडी आवरताना मी गंमत म्हणून म्हटलं, "वहिनी, तुम्हालाही दर शुक्रवारचं पत्र येत असेल. साचा पाठ झाला असेल तुम्हाला."

"येतं की," त्या म्हणाल्या. "ट्रंकंत हाईत. तीनशेच्या वर असतील."

"सगळी जपून ठेवलीत?"

"फोडल्याली न्हाईत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी ताट पुसून ठेवलं. "फोडून काय करायचं, ताई? आत काय हाय ते ठावं हाय. पोराला सांगतीया, 'मिळालं' म्हणून लिव. खोटं न्हाई, मिळतंच."

मग मी त्यांना प्लास्टरच्या किश्शाची आठवण करून दिली. हसवायला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते अर्दं हाय. बाकीचं अर्दं सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

बाकीचं अर्धं बाळूचं होतं. बाळू म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. वीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. मेहुण्यानंच भरती केला, मेहुण्याच्याच कंपनीत लंकेत गेला. सुभेदारांच्या व्यवस्थेप्रमाणे त्यानंही तीन पत्रं लिहून त्यांच्या हवाली केली होती. एके दिवशी डाक आणि रेशन आणायला ट्रक गेला. पुढं सुभेदार, मागं बाळू. रस्त्यात सुरुंग होता. ट्रकातून पडले ते असे पडले.

गावात मंगळवारी तार आली. देह आला नाही, तिकडेच अग्नी दिला होता. आई तारेकडे बघत बसली. आणि दुसऱ्या क्लार्कनं गठ्ठ्यातून शनिवारी टाकलेलं पत्र चार दिवसांनी आलं. 'मी खुशाल आहे, काल आमची प्लाटून व्हॉलीबॉलमध्ये जिंकली.' बाळूचं अक्षर. तारीख तारेच्या नंतरची.

"आई म्हणाली, तार खोटी. अक्षर माझ्या बाळूचं हाय. मी शाळंत शिकल्याली, मी सांगितलं, आई, तारीख कुणी दुसऱ्यानं घातलीया. तर माझ्या थोबाडीत मारली. दुसऱ्या आठवड्यात दुसरं आलं. मग तिसरं. मधी तेराव्याला भटजी दारात आल्याले तिनं परत धाडले. जित्या पोराचं तेरावं करताय व्हय, म्हणाली. सहा वर्सं यष्टीच्या थांब्यावर जाऊन बसायची. मरंस्तवर तेरावं करू दिलं न्हाई."

मी नळ बंद केला.

"हे म्हणत्यात डाकेची चूक झाली. डाकेची कुठली चूक? डाक येळंवरच आली." मग म्हणाल्या, "मी इचारलं हुतं, बाळू कसा गेला ते तरी खरं सांगा. तर म्हणाले, काय कळलं न्हाई त्याला, झोपल्यागत गेला. मरणाचीबी खुशालीच सांगितली. त्या दिसापासनं मी एक पत्र फोडलं न्हाई. ते खरं सांगतील तवा ऐकीन."

माझ्या मुलीनं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "ममा, इज आंटी ओके?" मी तिला बाहेर घालवलं. त्या गणपतीत आम्ही पोट धरधरून हसलो होतो ते आठवून मला शरम वाटली. आणि सुभेदारांचा रागही आला. एवढं सगळं होऊन हा माणूस मुसफ्फात पुन्हा तोच कारखाना काढून बसतो, त्याचं सर्टिफिकेट भिंतीला लावतो, याला काय म्हणावं? निगरगट्ट म्हणावं, नाहीतर मग एखादा माणूस आपली चूक बरोबर ठरावी म्हणून तीच दर आठवड्याला साडेतीनशे वेळा करतो असं म्हणावं. वहिनी महिनाभर राहून गेल्या. जाताना सुभेदार त्यांना म्हणाले, "पोचल्याचं पत्र टाक." त्या बरं म्हणाल्या.

त्यानंतर दीडेक वर्षानं, ऑगस्टात, पोशट्टी गेला.

सोमवारी दुपारी साईटवर. पाणी मागितलं, कुणी आणेपर्यंत खाली बसला आणि उठला नाही. हॉस्पिटलनं हार्ट म्हणून लिहून दिलं. मंगळवारी सकाळी आठला सुभेदार माझ्या केबिनमध्ये आले. दाढी केलेली नव्हती, हे मी आठ वर्षांत प्रथमच पाहत होते. हातात डाकेचं रजिस्टर होतं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडून पोशट्टीच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवलं.

"शुक्रवारी लिवलं. शनिवारी गेलं. धर्माबादला आठ-धा दिवस."

एवढंच बोलले. मला वहिनींनी सांगितलेलं त्यांना माहीत होतं की नाही, मला माहीत नव्हतं. पण पुढं काय येणार ते दोघांनाही दिसत होतं.

आम्ही प्रधानसाहेबांकडे गेलो. त्यांनी पोशट्टीच्या घरी अजून कळवलेलं नव्हतं. "पोलीस, हॉस्पिटल, एम्बसी, कार्गो, सगळे पेपर्स व्हायला तीन आठवडे. तोपर्यंत घरी कळवायचं नाही. उगाच पॅनिक होतं, नातेवाईक एम्बसीत फोन करतात, लेबर ऑफिसला जातात. पेपर्स झाले की एकदमच कळवू, इन्शाल्ला."

"साहेब, त्याचं पत्र पोचंल."

"मग पोचू दे की," प्रधान म्हणाले. अगदी मवाळपणे म्हणाले. "तेवढंच चार दिवस समाधान त्यांना. आणि साळोखे, शुक्रवारी अजून एक टाका. तुमच्या त्या फॉरमॅटमध्ये. यू आर गुड अॅट इट."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. मला वाटलं आता 'सब ठीक' म्हणणार. ते वळले आणि बाहेर आले, आणि माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. परदेशी फोनची लाईन फक्त दोन टेबलांवर होती, एक प्रधानांच्या आणि एक माझ्या, आणि तिला कोड होता. मी कोड दाबला. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. दार लोटून घेतलं आणि प्रधान चहाला जायची वेळ बघितली, एवढीच माझी बहादुरी.

पोशट्टीच्या फॉर्मवर गावातल्या एस.टी.डी. बूथचा नंबर होता. सुभेदार उभं राहूनच बोलले.

"हॅलो, मी अबुधाबीहनं बोलतोय. पोशट्टीच्या कँपातनं. त्याच्या थोरल्या भावाला बोलवा. न्हाई, निरोप नको. मानूस बोलवा. मी इसा मिंटानं परत लावतो."

ती वीस मिनिटं ते खुर्चीवर बसले नाहीत. पुन्हा लावला तेव्हा भाऊ आलेला होता. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. सुभेदार एकेक शब्द सुटा करून बोलत होते.

"मी कँपाचा सुभेदार बोलतोय. वाईट बातमी हाय. तुमचा भाऊ काल दुपारी गेला. साईटवर. ऊन लई हुतं. पानी मागितलं, ते यायच्या आत गेला. मी तिथं न्हवतो, जे हुते त्यांनी सांगितलं ते सांगतोय." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. त्यांनी रिसीव्हर कानापासून हलवला नाही. "रडा. रडून घ्या, मी हाय. पर एक ऐका, फोन ठेवू नका. येत्या आठ दिसांत त्याचं पत्र येणार हाय. त्यात लिवलंय तो मजेत हाय, व्हॉलीबॉल खेळतोय. अक्षर माजं हाय. ते खोटं हाय. त्याच्या आईला, बायकोला आधी सांगून ठेवा. ते पत्र बगून कुणी वाट बगू नका. देह यायला टैम लागंल, कंपनी लौकर देत न्हाई, एम्बसीला फोन करा. आन् त्याचं जे काय करायचं असतं ते करा. थांबू नका."

रिसीव्हर ठेवल्यावर त्यांच्या मानेवरून घाम गळत होता. एसी चालू होता.

"मॅडम, अजून एक कॉल लावू? घरी. पैसे पगारातनं कापा."

मी कोड पुन्हा दाबला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. पहिल्यांदा ते बोलले, थोडंच. मग बराच वेळ नुसते ऐकत होते. मग पुन्हा एक-दोन वाक्यं बोलले आणि रिसीव्हर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी दहा मिनिटं आत गेले नाही.

दोन दिवसांनी धर्माबादहून एम्बसीला फोन गेला, एम्बसीतून आम्हाला. मग तीन आठवड्यांचे पेपर्स नऊ दिवसांत झाले. प्रधानसाहेबांना इतक्या लवकर पेपर्स होतात हे कळलं, याचंच त्यांना जास्त दुःख झालं असावं. फोन कुणी केला हे त्यांनी सुभेदारांना विचारलं. "मी," सुभेदार म्हणाले. लाईन कुणाची होती ते प्रधानांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. महिनाअखेरीला कँपाचं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं ठरलं आणि साळोख्यांच्या सेवेची आवश्यकता उरली नाही. ते पत्र मीच टाइप केलं. त्यात त्यांच्या सेवेबद्दल कंपनी ऋणी असल्याचं आणि पुढील आयुष्यास शुभेच्छा असल्याचं लिहिलं. आमचाही एक फॉरमॅट होताच की.

मधल्या तीन शुक्रवारी पत्रपरेड झाली नाही. माणसांनी फोनची कार्डं घेतली आणि कँपाच्या भिंतीवरच्या फोनपाशी रांग लावली. सुभेदार कॅराव्हॅनच्या पायरीवर बसून ती रांग बघायचे. कुणी रडत होतं, कुणी भांडत होतं, एकजण म्हशीच्या औषधाबद्दल ओरडून सांगत होता.

जायच्या दिवशी दुपारी ते पासपोर्ट घ्यायला आले. इस्त्रीचा शर्ट, एक सूटकेस, एक रेक्झिनची बॅग. विमानतळावर न्यायला पिकअप यार्डात उभी होती. मी तिजोरीतून पासपोर्ट काढून दिला, सही घेतली. इतक्या वर्षांत त्यांना एकही सरळ प्रश्न विचारला नव्हता, फक्त चेष्टा केली होती. म्हणून दारापर्यंत गेल्यावर विचारलं.

"सुभेदार, त्या दिवशी फोनवर वहिनी काय म्हणाल्या?"

ते थांबले. "मी पोशट्टीचं सांगितलं. सांगितलं की आज खोटं लिवायला सांगितलं हुतं, मी न्हाई लिवलं. मग म्हटलं, शालन, मी खुशाल न्हाई." त्यांनी पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला, परत काढला, परत घातला. "लई येळ गप हुती. मग इचारलं, बाळू कसा गेला."

"मग?"

"लगेच न्हाई गेला, मॅडम. अर्दा तास हुता. माज्याजवळ. आईला बोलवा म्हणत हुता." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तिला फोनवर न्हाई सांगितलं. म्हटलं, हे समोर बसून सांगतो. म्हणाली, या."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, "यल्ला, सुभेदार!" त्यांनी बॅग उचलली. त्यांच्या दोन्ही हातांना कापरं भरलं होतं, बॅगेचा बंद हातात ठरत नव्हता. मी बघतेय हे त्यांना दिसलं, पण त्यांनी हात लपवले नाहीत. तसेच पायऱ्या उतरून गेले.